बाळंतपणात ‘हो’ कोणी म्हणायचे? आनंदीबाई जोशींचे आयुष्य काय सांगते

शिर्डी : सिझेरियनची वेळ आली की संमतीपत्र अनेकदा नवऱ्यापुढे किंवा सासूपुढे जाते. जिच्यावर शस्त्रक्रिया होणार, तिला विचारायचे राहून जाते. शिर्डी असो वा मुंबई, हा अनुभव अनेक घरांना ओळखीचा आहे. या प्रश्नाचे मूळ समजून घ्यायचे तर डॉ. आनंदीबाई जोशी यांच्याकडे वळावे लागते.

कोण होत्या आनंदीबाई?

१८६५ मध्ये जन्मलेल्या कल्याणच्या यमुनेचे नवव्या वर्षी गोपाळराव जोशींशी लग्न झाले. लग्न, नवे नाव, शिक्षण यांपैकी काहीही तिने निवडले नव्हते. चौदाव्या वर्षी ती आई झाली. बाळ दहा दिवसच जगले. त्या दुःखानंतर तिने डॉक्टर व्हायचे ठरवले.

त्यांना नेमके काय खटकले?

पुरुष डॉक्टरकडून तपासून घेण्यापेक्षा बायका मरण पत्करतात, हे त्यांनी फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयाला लिहिलेल्या पत्रात मांडले. डॉक्टर असूनही बाईला मोकळेपणाने दुखणे सांगता येत नसेल, तर उपचार तिच्यापर्यंत पोहोचतच नाहीत.

१८८३ मध्ये त्या अमेरिकेला गेल्या. प्रबंधासाठी त्यांनी प्रसूतिशास्त्राचाच विषय घेतला आणि मार्च १८८६ मध्ये एम.डी. झाल्या. कोल्हापूरच्या रुग्णालयात स्त्री-विभागाची जबाबदारी मिळाली. पण क्षयाने त्यांना गाठले. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. तेव्हा त्यांना बावीस वर्षेही पूर्ण झाली नव्हती.

आज कायदा काय सांगतो?

आता स्त्री डॉक्टर गावोगावी आहेत, पण विचारण्याची सवय अजून कमीच आहे. सर्वोच्च न्यायालयाने १६ जानेवारी २००८ रोजी समीरा कोहली खटल्यात हा मुद्दा स्पष्ट केला. त्या प्रकरणात रुग्ण भुलीखाली असताना आईच्या संमतीने तिचे गर्भाशय काढण्यात आले होते. रुग्ण सज्ञान आणि निर्णय घेण्याच्या स्थितीत असेल, तर संमती तिचीच हवी. उपचार कोणता, धोका काय, दुसरा पर्याय कोणता, हे आधी सांगायला हवे. एका उपचाराची संमती दुसऱ्याला चालत नाही. अपवाद फक्त जिवावर बेतलेल्या प्रसंगाचा.

म्हणून काय करावे?

नववा महिना लागण्याआधीच डॉक्टरांशी बोला. सिझेरियन कधी लागू शकते, ते विचारा. कागद वाचून, समजून घ्या आणि सही स्वतः करा. घरच्यांनी सल्ला जरूर द्यावा, पण शेवटचा शब्द तिचा असावा. आनंदीबाईंना चौदाव्या वर्षी तो मिळाला नव्हता.