पंडिता रमाबाईंनी पाहिलेली अमेरिका

१८८६ सालच्या मार्चच्या आरंभी 'ब्रिटिश प्रिन्सेस' ही आगबोट लिव्हरपूलहून निघून, वाटेत वादळाचे तडाखे खात, अमेरिकेतील फिलाडेल्फिया बंदराला लागली. तीतून उतरलेल्या प्रवाशांत पांढरे लुगडे नेसलेली सत्तावीस वर्षांची एक विधवा बाई होती व तिच्या हाताशी पाच वर्षेही पूर्ण न झालेली मुलगी होती. बाई म्हणजे पंडिता रमाबाई आणि मुलगी मनोरमा.

आपल्या मंडळ्यांत रमाबाईंचे नाव निघाले की बहुधा केडगाव, दुष्काळ आणि मुक्ती मिशन यांचीच कथा सांगितली जाते. ती सांगावी तितकी थोडीच आहे. परंतु त्याआधी रमाबाईंनी परक्या देशात काढलेली पावणेतीन वर्षे आपण भरभर उलटून पुढे जातो. संडे स्कूलमध्ये आम्हीही पुष्कळ वर्षे तसेच केले, हे कबूल केले पाहिजे.

परकेपणा त्यांना नवा नव्हता. २३ एप्रिल १८५८ रोजी कर्नाटकातील गंगामूळच्या रानात त्यांचा जन्म झाला. घरची भाषा मराठी, पण घर असे कोठे नव्हतेच. वडील अनंतशास्त्री डोंगरे पुराणे सांगत तीर्थोतीर्थी हिंडत आणि आई लक्ष्मीबाई चालता चालता मुलीकडून संस्कृत पाठ करून घेई. १८७४ च्या दुष्काळात आईवडील गेले. १८७८ मध्ये कलकत्त्याच्या पंडितांनी त्यांना 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या दिल्या. पुढे भाऊ वारला, लग्न झाले आणि दोन वर्षे होण्यापूर्वीच पती बिपिनबिहारी दास पटकीने दगावले. महाराष्ट्राबाहेर वाढून मराठी जपणे म्हणजे काय, हे बेळगाव, इंदूर, बडोद्याच्या वाचकांना आम्ही वेगळे सांगायला नको.

१८८३ मध्ये त्या वैद्यकी शिकण्यासाठी इंग्लंडला गेल्या, पण कान अधू झाल्यामुळे तो बेत सोडावा लागला. वाँटेज येथील धर्मभगिनींच्या मठात त्याच वर्षी त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यानंतरही मठातील मंडळींशी त्यांचे पुष्कळदा खटके उडाले. त्या मांसाहार करीत नसत, आणि अंडे घातलेले पक्वान्न नाकारले तर त्यात जातीचा अभिमान दिसतो, असे काहींना वाटे. गळ्यातील क्रुसावर लॅटिन अक्षरे कशाला, संस्कृत का नसावीत, असेही त्यांनी विचारले. नवा विश्वास स्वीकारला म्हणून ताटातले व अंगावरचे सारे टाकून द्यावे लागते, हे त्यांना कधीच पटले नाही. आमच्या मते त्यांची अमेरिका समजून घ्यायची तर आधी हे ध्यानात ठेवले पाहिजे.

अमेरिकेला जाण्याचे निमित्त होते आनंदीबाई जोशी यांचा पदवीदान समारंभ. आनंदीबाई नात्यातल्या. त्यांच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या डीन रेचल बॉडली यांनी रमाबाईंना आग्रहाचे आमंत्रण धाडले होते. ११ मार्च १८८६ रोजी आनंदीबाई डॉक्टर झाल्या. समारंभ पाहून लवकरच इंग्लंडला परतावे असा रमाबाईंचा विचार होता, पण त्या राहिल्या. मनोरमेला मात्र पुढे इंग्लंडला परत पाठवावे लागले. एवढ्याशा लेकराला समुद्रापार धाडून आईने गावोगाव व्याख्याने देत हिंडणे सोपे गेले असेल, असे आम्हांला वाटत नाही. मग मायलेकींची भेट पत्रांतूनच होई.

एका पत्रात त्यांनी हॅरिएट टबमन यांच्या भेटीची हकीकत मुलीला कळवली आहे. ही वृद्ध बाई जन्माने गुलाम. स्वतः पळून सुटली आणि पुन्हा पुन्हा जिवावर उदार होऊन परत जाऊन तिने आपल्या लोकांना सोडवून आणले. तिने रमाबाईंना कवटाळले आणि असा हात हलवला, की त्यांचा लहानसा हात दुखू लागला! प्रवासात माणसे धबधबे पाहतात, मोठ्या इमारती पाहतात. मुलीला लिहिण्याजोगे म्हणून रमाबाईंनी हे निवडले.

१८८६ मध्येच त्यांनी फिलाडेल्फियात किंडरगार्टनचे शिक्षण घ्यायला प्रारंभ केला. ज्या बाईला हजारो श्लोक मुखोद्गत, ती रंगीत चेंडू, लाकडी ठोकळे आणि कागदाच्या घड्या घेऊन लहान मुलांच्या खुर्च्यांजवळ बसली. फ्रोबेलची ही पद्धत आपल्याकडील बालविधवांना शिकवली तर त्या शिक्षिका होऊन स्वतःच्या पायांवर उभ्या राहतील, हे त्यांच्या ध्यानी आले होते. नुसते पाठांतर करून घेऊन समाधान मानणाऱ्या आमच्यासारख्या शिक्षकांनी हा प्रसंग मनात ठेवण्यासारखा आहे.

२६ फेब्रुवारी १८८७ रोजी आनंदीबाई पुण्यात क्षयाने वारल्या. त्याच वर्षी उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवरचे रमाबाईंचे इंग्रजी पुस्तक निघाले. ते त्यांनी आपल्या आईच्या स्मृतीस अर्पण केले. डिसेंबरमध्ये बॉस्टनला रमाबाई असोसिएशन स्थापन झाली आणि विधवांच्या शाळेला दहा वर्षे साहाय्य देण्याचे तिने ठरवले. निरनिराळ्या पंथांचे लोक तीत एकत्र आले. शाळेत धर्माची सक्ती करायची नाही, हेही ठरले.

देणाऱ्यांचे पैसे घेऊन आलेली बाई देणाऱ्यांच्या देशाविषयी काय लिहिणार? गोड गोड लिहील, असे कोणालाही वाटावे. १८८९ मध्ये त्यांचे 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त' हे मराठी पुस्तक प्रसिद्ध झाले. त्यात सार्वजनिक शाळांचे, स्त्रियांच्या महाविद्यालयांचे आणि दारूबंदीसाठी झटणाऱ्या बायकांच्या संघटनेचे कौतुक आहेच. पण मूळच्या रहिवाशांना त्यांच्याच भूमीवर कसे वागवले, गुलामगिरी कायद्याने गेली तरी काळ्या माणसाचा तिरस्कार कसा उरला, हेही त्यांनी झाकले नाही. टोपीवर पक्ष्यांची पिसे मिरवण्याचा आणि कंबर आवळून घेण्याचा बायकांचा सोस त्यांना मुळीच आवडला नाही. तेथील स्त्रियांना बहुतेक ठिकाणी अजून मताचा अधिकार नव्हता, हेही त्यांनी पाहिले. यजमानाच्या घरी जेवून त्याच्या घराचे गळके छप्पर दाखवणारा पाहुणा विरळा. यजमानांच्या नावडीला त्या भ्यायल्या नाहीत. हे सारे त्यांनी मराठीत लिहिले ते आपल्या लोकांनी वाचावे म्हणून.

१८८८ च्या अखेरीस सॅन फ्रॅन्सिस्कोहून निघून जपान, हाँगकाँगमार्गे त्या स्वदेशी परतल्या आणि मुंबईत चौपाटीजवळ शारदा सदन उघडले. तो दिवस ११ मार्च १८८९, म्हणजे आनंदीबाईंच्या पदवीदानाला बरोबर तीन वर्षे झालेला दिवस. पहिल्या विद्यार्थिनींत गोदूबाई नावाची एक बालविधवा होती, जी पुढे धोंडो केशव कर्वे यांची पत्नी आनंदीबाई झाली.

पुढच्या वर्षी सदन पुण्याला गेले. काही मुली ख्रिस्ताकडे वळू लागल्या, तेव्हा १८९३ मध्ये मोठा गदारोळ होऊन अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. नंतर दुष्काळ, केडगाव आणि मुक्ती. ते वाचकांना ठाऊक आहे. १८९८ मध्ये असोसिएशनची दहा वर्षे भरली, तेव्हा रमाबाई पुन्हा अमेरिकेला जाऊन आल्या. मनोरमाही तेथे शिकली आणि परत येऊन आईच्या कामाला लागली. जुलै १९२१ मध्ये ती वारली. रमाबाई ५ एप्रिल १९२२ रोजी गेल्या. मूळ भाषांवरून त्यांनी केलेले संपूर्ण पवित्र शास्त्राचे मराठी भाषांतर १९२४ मध्ये केडगावच्या छापखान्यातून बाहेर पडले.