निर्भय शास्त्रज्ञ रेचल कार्सन

रेचल कार्सन यांचा जन्म १९०७ साली अमेरिकेत झाला. डीडीटीसारख्या कीटकनाशकांनी पक्ष्यांचा वंश धोक्यात येत आहे, असे त्यांनी १९६२ साली ‘सायलेंट स्प्रिंग’ या ग्रंथात साधार दाखविले. रसायनांच्या कारखानदारांनी त्यांची निंदा केली. कर्करोगाने देह जर्जर झाला. तथापि त्या डगमगल्या नाहीत. १९६४ साली त्यांचे देहावसान झाले.

पुढे १९६७ साली डेरेक रॅटक्लिफ या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी संग्रहालयांत जपलेली बहिरी ससाण्याची जुनी अंडी नव्या अंड्यांशी ताडून पाहिली. १९४७ च्या सुमारास, डीडीटीचा प्रसार होताच, कवचे पातळ झाली होती. उबविताना ती फुटत. मुक्या अंड्यांनी कार्सनबाईंच्या सत्याची साक्ष दिली. १९७२ साली अमेरिकेने शेतीतील डीडीटीच्या वापरावर बंदी घातली.