आकाशात सापडलेल्या जिवाणूला नाव मिळालं नारळीकरांच्या गुरूचं, कोण होते फ्रेड हॉयल?

तारीख २० एप्रिल २००५. हैदराबादच्या बलून केंद्रातून एक अवाढव्य फुगा आकाशात सोडण्यात आला.

फुग्याला ४५९ किलोचं सामान लटकवलेलं होतं. त्यात पोलादाच्या निर्जंतुक केलेल्या नळ्या होत्या आणि त्या थंड ठेवायला द्रवरूप निऑन होता. काम एकच, २० ते ४१ किलोमीटर उंचीवरची हवा या नळ्यांमध्ये भरून खाली आणायची. आपली विमानं साधारण १० ते १२ किलोमीटर उंचीवरून उडतात, म्हणजे हा फुगा त्यांच्या कितीतरी वर गेला होता.

नळ्या पॅराशूटने खाली आल्या. हैदराबादची सीसीएमबी आणि पुण्याचं राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र, या दोन ठिकाणी वेगवेगळी तपासणी झाली. त्या हवेत जिवाणूंच्या १२ आणि बुरशीच्या ६ वसाहती मिळाल्या. यातले तीन जिवाणू असे होते की त्यांची नोंद तोवर जगात कुठेच नव्हती.

२००९ मध्ये इस्रोने ही बातमी जाहीर केली. एका जिवाणूला इस्रोचं नाव मिळालं, दुसऱ्याला आर्यभटांचं. तिसऱ्याचं नाव ठेवलं, जॅनिबॅक्टर हॉयली.

हे हॉयल म्हणजे सर फ्रेड हॉयल. आपल्या जयंत नारळीकरांचे गुरू. पृथ्वीवरचं जीवन अंतराळातून आलंय, असं आयुष्यभर सांगत राहिलेला आणि त्यासाठी जगाची टिंगल सहन केलेला माणूस.

शाळेतली थप्पड

हॉयल यांचा जन्म २४ जून १९१५ चा, इंग्लंडच्या यॉर्कशायर भागातल्या गिल्स्टेड गावचा. वडील लोकरीच्या व्यापारात होते. आई संगीत शिकलेली होती आणि मूकपटाच्या थिएटरमध्ये पियानो वाजवायची.

पोरगा हुशार होता, पण शाळेला दांड्या मारण्यात पटाईत. लहानपणचा एक किस्सा त्यांनी स्वतः आत्मचरित्रात लिहून ठेवलाय.

वर्गात बाईंनी एका रानफुलाला पाच पाकळ्या असतात असं शिकवलं. फ्रेडने सहा पाकळ्यांचं फूल शोधून आणलं. एखादी पाकळी कमी असती तर गळून पडली म्हणता आलं असतं, पण जास्तीची पाकळी कुठून आली, हा पोराचा साधा प्रश्न होता. उत्तराऐवजी कानाखाली थप्पड मिळाली.

मोठ्यांनी सांगितलं म्हणजे खरं असतंच असं नाही, हा धडा तो तिथेच शिकला. हाच स्वभाव पुढे त्यांना सगळ्यात मोठं यश देणार होता, आणि हाच स्वभाव त्यांना अडचणीतही आणणार होता.

आपण बनलोय कशापासून?

१९३३ मध्ये हॉयल केंब्रिजला गणित शिकायला गेले. दुसऱ्या महायुद्धात त्यांनी ब्रिटिश नौदलासाठी रडारवर काम केलं. तिथेच हर्मन बाँडी आणि थॉमस गोल्ड हे दोन दोस्त मिळाले.

युद्धानंतर १९४८ मध्ये या तिघांनी विश्वाबद्दल एक नवा सिद्धांत मांडला, स्थिर स्थिती सिद्धांत. विश्वाला सुरुवात नाही आणि शेवटही नाही. विश्व पसरतंय हे खरं, पण मोकळ्या होणाऱ्या जागेत थोडं थोडं नवं द्रव्य तयार होत राहतं, असं त्यांचं म्हणणं.

विश्व एका क्षणी सुरू झालं, ही कल्पना हॉयल यांना अजिबात पटायची नाही. मार्च १९४९ मध्ये बीबीसी रेडिओवर बोलताना त्यांनी त्या कल्पनेला नाव दिलं, बिग बँग. गंमत बघा, ज्या सिद्धांताला त्यांचा विरोध होता त्याचं बारसं त्यांनीच केलं.

पण त्यांचं सगळ्यात मोठं काम वेगळंच आहे.

आपल्या शरीराचा पाया कार्बन आहे. जीवसृष्टीतला प्रत्येक मोठा रेणू कार्बनच्या सांगाड्यावर उभा असतो. मग हा कार्बन आला कुठून? ताऱ्यांच्या पोटात हेलियमचे तीन अणुकेंद्रक एकत्र आले की कार्बन तयार होतो, एवढं कळलं होतं. अडचण अशी की हिशोब केला तर कार्बन फारच कमी तयार व्हायला हवा होता.

हॉयल यांनी उलटा विचार केला. जगात भरपूर कार्बन आहे आणि आपण जिवंत आहोत. म्हणजे कार्बनच्या अणुकेंद्रकाला एक खास ऊर्जापातळी असलीच पाहिजे, जिच्यामुळे हे जुळणं सोपं होतं. ती पातळी कुठे असेल तेही त्यांनी गणिताने काढलं.

१९५३ मध्ये ते अमेरिकेतल्या कॅलटेकच्या प्रयोगशाळेत गेले आणि विली फाउलर यांना ही पातळी शोधायला सांगितलं. आधी कुणाला खरं वाटेना. पण प्रयोग झाला आणि हॉयल यांनी सांगितलेल्या जागीच ती पातळी सापडली. आज तिला हॉयल पातळी म्हणतात.

पुढे १९५७ मध्ये हॉयल, फाउलर आणि बर्बिज पती-पत्नी अशा चौघांनी मिळून एक मोठा शोधनिबंध लिहिला. आपल्या रक्तातलं लोह, हाडातलं कॅल्शियम, श्वासातला ऑक्सिजन, हे सगळं कधीकाळी ताऱ्यांमध्ये शिजलंय हे त्यातून पक्कं झालं.

१९८३ मध्ये याच विषयावरच्या कामासाठी फाउलर यांना नोबेल मिळालं. हॉयल यांचं नाव त्यात नव्हतं. कारण अधिकृतपणे कधीच सांगितलं गेलं नाही. पण १९७४ मध्ये पल्सारच्या शोधाचं नोबेल देताना जोसलिन बेल या तरुण संशोधिकेला डावललं, म्हणून हॉयल यांनी जाहीर टीका केली होती. ती त्यांना भोवली असावी, असं बरेच जण मानतात.

कोल्हापूरचा विद्यार्थी

सांगली जिल्ह्यातल्या आष्ट्याहून निघालं की तास-सव्वा तासात कोल्हापूर येतं. याच कोल्हापुरात १९ जुलै १९३८ ला जयंत नारळीकरांचा जन्म झाला. वडील बनारस हिंदू विद्यापीठात गणिताचे प्राध्यापक, त्यामुळे शिक्षण बनारसला झालं. तिथून नारळीकर केंब्रिजला गेले आणि हॉयल यांचे संशोधक विद्यार्थी झाले.

१९६४ मध्ये गुरू-शिष्यांनी मिळून गुरुत्वाकर्षणाचा नवा सिद्धांत मांडला. हॉयल-नारळीकर सिद्धांत म्हणून तो जगभर गाजला. भारतात नारळीकरांचं नाव घराघरात पोचलं आणि १९६५ मध्ये, वयाच्या अवघ्या सव्विसाव्या वर्षी त्यांना पद्मभूषण मिळालं.

हॉयल विज्ञानकथाही लिहायचे. १९५७ ची त्यांची कादंबरी 'द ब्लॅक क्लाउड' गाजली. त्यात सूर्यमालेत शिरलेला एक काळा ढगच जिवंत आणि बुद्धिमान निघतो. म्हणजे परग्रहावरच्या जीवनाचा किडा त्यांच्या डोक्यात आधीपासूनच होता.

पण १९६५ मध्ये धक्का बसला. अमेरिकेतल्या पेन्झियास आणि विल्सन यांना आकाशाच्या सगळ्या दिशांनी येणारं मंद प्रारण सापडलं. बिग बँगनंतर उरलेली ऊब असावी तसं. बहुतेक शास्त्रज्ञ बिग बँगच्या बाजूने गेले. हॉयल मात्र गेले नाहीत.

१९७२ मध्ये विद्यापीठाशी मतभेद झाल्यावर त्यांनी केंब्रिज सोडलं. त्याच वर्षी त्यांना सर हा किताब मिळाला आणि नारळीकर भारतात परत येऊन मुंबईच्या टीआयएफआरमध्ये रुजू झाले. पुढे त्यांनी पुण्यात आयुका उभी केली.

जीवन आकाशातून आलं?

आता मुख्य मुद्दा.

पृथ्वीवर जीवन कसं सुरू झालं याचं रूढ उत्तर १९२० च्या दशकात ओपारिन आणि हाल्डेन यांनी दिलं होतं. पृथ्वीच्या सुरुवातीच्या समुद्रात साध्या रसायनांपासून गुंतागुंतीची रसायनं बनली आणि त्यातून हळूहळू जीव. १९५३ मध्ये अमेरिकेत मिलर यांनी काचेच्या भांड्यात वायू, पाणी आणि विजेच्या ठिणग्या वापरून अमिनो आम्लं तयार करून दाखवली, तेव्हा या विचाराला बळ मिळालं.

हॉयल यांना हे अपुरं वाटलं. त्यांचा आणखी एक विद्यार्थी, श्रीलंकेचा चंद्रा विक्रमसिंघे, ताऱ्यांमधल्या धुळीचा अभ्यास करत होता. ही धूळ बर्फाची असावी असं तेव्हा मानलं जायचं. १९६२ मध्ये दोघांनी सांगितलं, की धुळीत कार्बन आहे. पुढे ते म्हणाले, की त्यात जीवसृष्टीत असतात तशी सेंद्रिय रसायनं आहेत. मग त्यांनी शेवटचं पाऊल टाकलं, धुळीतले काही कण म्हणजे चक्क वाळलेले, गोठलेले जिवाणू आहेत. धूमकेतूंनी ते पृथ्वीवर आणले आणि त्यातून इथलं जीवन सुरू झालं.

या कल्पनेला पॅनस्पर्मिया म्हणतात. मराठीत सांगायचं तर, वाऱ्याने बी यावं तसं जीवनाचं बीज अंतराळातून येणं.

हॉयल यांचा युक्तिवाद गणिताचा होता. एका साध्या पेशीला सुमारे २००० एन्झाइम लागतात. ती सगळी निव्वळ योगायोगाने जुळायची शक्यता त्यांनी काढली. ती आली १ भागिले १ वर ४०,००० शून्यं. एवढा योगायोग पृथ्वीसारख्या छोट्या जागेत घडणं शक्य नाही, म्हणून त्याला अख्खं विश्व हवं, असं ते म्हणत.

जीवशास्त्रज्ञांनी यातली चूक लगेच दाखवली. पेशी एका झटक्यात बनली असं कुणीच म्हणत नाही. आधी खूप साधे रेणू, मग स्वतःची नक्कल करणारे, मग त्यातले टिकणारे पुढे, असा तो टप्प्याटप्प्याचा प्रवास आहे. आणि दुसरा प्रश्न, जीवन बाहेरून आलं असं मानलं तरी तिथे ते कसं सुरू झालं? कोडं सुटत नाही, फक्त पत्ता बदलतो.

स्थिर स्थितीवाल्या हॉयल यांना हा दुसरा प्रश्न टोचत नव्हता. विश्वाला सुरुवातच नसेल तर जीवनालाही सुरुवात असायची गरज नाही. पण बिग बँगचे पुरावे वाढत गेले तशी ही पळवाटही अरुंद होत गेली.

तरीही हॉयल थांबले नाहीत. १९७९ मध्ये त्यांनी आणि विक्रमसिंघे यांनी लिहिलं, की फ्लूच्या साथीसुद्धा अंतराळातून येतात. विषाणू तर नेमक्या यजमानाच्या पेशींना जुळलेले असतात, ते बाहेरून कसे येतील, असं डॉक्टरांनी विचारलं. त्यानंतर पक्षी आणि डायनासोर यांना जोडणारं आर्किऑप्टेरिक्सचं जगप्रसिद्ध जीवाश्म बनावट आहे, असा दावा त्यांनी केला. लंडनच्या संग्रहालयाने तपासून ते अस्सल असल्याचं दाखवून दिलं.

ज्या माणसाने कार्बनचं कोडं सोडवलं, त्याच्याकडे लोक आता विक्षिप्त म्हातारा म्हणून बघायला लागले.

मग हॉयल बरोबर होते की चूक?

१९९७ मध्ये त्यांना स्वीडनचा मानाचा क्राफोर्ड पुरस्कार मिळाला, तो ताऱ्यांवरच्या कामासाठी. त्याच वर्षी गिल्स्टेडजवळ फिरायला गेले असताना ते दरीत पडले आणि कित्येक तास तिथेच पडून राहिले. त्यानंतर तब्येत ढासळत गेली. २० ऑगस्ट २००१ ला त्यांचं निधन झालं.

त्याच्या काही महिने आधी, जानेवारी २००१ मध्ये हैदराबादहून पहिला फुगा उडाला होता. ही कल्पना पुढे नेण्यात नारळीकर आघाडीवर होते. गुरू म्हणतो म्हणून त्यांनी मान डोलावली नाही आणि जग हसतं म्हणून विषय सोडलाही नाही. वर जाऊन हवा आणू आणि तपासू, एवढं केलं.

२००५ च्या फुग्यात सापडलेल्या नव्या जिवाणूंवर अतिनील किरणांचा परिणाम त्यांच्या जवळच्या भाऊबंदांपेक्षा कमी होत होता. पण हे जीव परग्रहावरून आले असं यातून सिद्ध होत नाही, हे इस्रोने तेव्हाच स्पष्ट केलं होतं. जमिनीवरचे जिवाणू वादळांनी, ज्वालामुखींनी इतक्या वर फेकले जाऊ शकतात.

पुढे काय झालं ते तर आणखी बोलकं आहे. आर्यभटांचं नाव मिळालेला जिवाणू नंतर जमिनीतच सापडायला लागला. मध्य भारतातल्या काळ्या मातीत, सोयाबीनच्या मुळांजवळ तो मिळाला. मातीतलं जस्त पिकाला मिळवून देण्यासाठी त्याचा उपयोग होतो, असं शास्त्रज्ञांना आढळलं. आष्ट्याच्या शेतकऱ्याला काळी माती आणि सोयाबीन काही नवीन नाही. जो पाहुणा आकाशातला वाटला होता, तो बहुधा रानातलाच निघाला.

मग हॉयल सगळंच चुकले का? तसंही नाही. अंतराळात सेंद्रिय रसायनं भरपूर आहेत, हे त्यांचं म्हणणं आज सगळेच मान्य करतात. नासाच्या यानाने २०२३ मध्ये बेन्नू या लघुग्रहावरची माती पृथ्वीवर आणली. तिच्यात आपल्या प्रथिनांतल्या २० पैकी १४ अमिनो आम्लं आणि डीएनए-आरएनएची पाचही मूळ अक्षरं सापडल्याचं २०२५ मध्ये जाहीर झालं. जीव सापडला नाही, पण जीवनाचा कच्चा माल आकाशातून येतो हे दिसलं.

नारळीकर २० मे २०२५ ला पुण्यात गेले. बिग बँगबद्दलच्या शंका त्यांनीही शेवटपर्यंत सोडल्या नव्हत्या.

जीवन कुठून आलं, याचं पक्कं उत्तर आज कुणाकडेच नाही. मंगळावरची माती आणि गुरू-शनीच्या बर्फाळ चंद्रांवर शोध चालू आहे. सहा पाकळ्यांचं फूल आणणाऱ्या त्या पोराचा प्रश्न चांगला होता. पण प्रश्न चांगला असला तरी प्रत्येक वेळी उत्तराचं फूल हातात असावं लागतं. कार्बनच्या वेळी ते हॉयल यांच्या हातात होतं. आकाशातल्या जिवाणूंच्या बाबतीत ते अजून कुणालाच सापडलेलं नाही.