फ्रेडरिक चार्ल्स फ्रेझर
फ्रेडरिक चार्ल्स फ्रेझर (१८८०–१९६३) हे ब्रिटिश कीटकशास्त्रज्ञ व भारतीय वैद्यकीय सेवेतील लष्करी शल्यचिकित्सक होते. त्यांचा जन्म इंग्लंडमधील वूलविच येथे झाला. सेवेत ते लेफ्टनंट कर्नल या हुद्द्यापर्यंत पोहोचले. मात्र त्यांचे नाव टिकले ते भारतातील चतुर व टाचणी या कीटकांच्या अभ्यासामुळे.

मेलेल्या चतुराचे रंग लवकर काळवंडतात. त्यामुळे युरोपातील संग्रहालयांत पोहोचलेल्या नमुन्यांवरून लिहिलेली जुनी वर्णने पुष्कळदा अपुरी पडत. फ्रेझर यांनी कूर्ग, निलगिरी व मलबार भागांतील ओढ्यांकाठी हे कीटक जिवंत पाहिले. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात १९१८ पासून त्यांची भारतीय चतुरांवरील दीर्घ लेखमाला प्रसिद्ध झाली. पुढे ‘फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया’ या ग्रंथमालेत त्यांचे तीन खंड निघाले (१९३३, १९३४ व १९३६). त्यांतील वर्णने वाचायला रूक्ष आहेत, पण नर व मादी यांची खुणांसह केलेली स्वतंत्र नोंद हेच त्यांचे मोल होय.

अशा नोंदींची गरज पेण व रोहा परिसरातील भातखाचरांवर सहज पटते. तेथील दोन तांबडे चतुर दुरून सारखेच भासतात. ‘क्रोकोथेमिस सर्व्हिलिया’चा नर रक्तासारखा लाल असून त्याच्या पोटाच्या पाठीवरून बारीक काळी रेघ जाते, ‘ट्रायथेमिस ऑरोरा’च्या नराची लाली जांभळटाकडे झुकते आणि त्याच्या पंखांच्या शिराही तांबड्या असतात. दोघांच्या माद्या पिवळसर असतात व कोवळे नरही त्यांच्यासारखेच दिसतात. रंगावर विसंबणारा अभ्यासक येथे हमखास फसतो. ‘डिप्लॅकोडिस ट्रिव्हिॲलिस’च्या नराच्या बाबतीत तर वयानुसार हिरवट-पिवळ्या अंगावरील काळ्या खुणा निळसर राखी थराखाली झाकल्या जातात, पोटाच्या टोकाची पांढुरकी उपांगे तेवढी ओळख पटवतात. काही गटांत अंगावरील खुणाही पुरत नाहीत. तेथे नराच्या या उपांगांचा आकार भिंगाखाली पाहावा लागतो. फ्रेझर यांनी त्यांची रेखाचित्रे दिली आहेत.

निवृत्तीनंतर ते इंग्लंडमध्ये बोर्नमथ येथे राहिले. चतुरांच्या वर्गीकरणाची फेरमांडणी करणारा ग्रंथ त्यांनी १९५७ मध्ये, तर ऑस्ट्रेलेशियातील चतुरांवरील हस्तपुस्तक १९६० मध्ये प्रसिद्ध केले. पश्चिम घाटातील ‘युफेया फ्रेझेरी’ या टाचणीला लेडलॉ यांनी १९२० मध्ये त्यांचे नाव दिले. तिच्या नराच्या मागील पंखांची टोके काळी असतात.