योसेफाच्या अस्थी

देव दिलेले वचन पाळतो, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. पण पुष्कळदा ते वचन एका माणसाच्या हयातीत पुरे होत नाही. अशा वेळी श्रद्धावंताने काय करावे? जुन्या करारातील योसेफाचे जीवन आपल्याला याचे उत्तर देते.

योसेफ हा याकोब व राहेल यांचा मुलगा, अब्राहामाचा पणतू. देवाने अब्राहामाला असंख्य संतती आणि कनान देश देण्याचे वचन दिले होते. प्रत्यक्षात अब्राहामाच्या मालकीचे काय झाले? हेब्रोनजवळचे मकपेलाचे शेत आणि त्यातील गुहा. तीही त्याने पत्नी सारा हिच्या दफनासाठी ४०० शेकेल चांदी मोजून विकत घेतली होती. पुढे याकोबाने शखेम येथे हमोराच्या मुलांकडून १०० नाणी देऊन जमिनीचा एक तुकडा घेतला. तीन पिढ्यांच्या हाती एवढेच आले.

योसेफ १७ वर्षांचा असताना वडिलांनी त्याला हेब्रोनहून शखेमला पाठवले. भाऊ तेथे मेंढरे चारीत होते. ते सुखरूप आहेत का, हे त्याने पाहून यायचे होते. ते त्याला पुढे दोथान येथे भेटले. मत्सराने पेटलेल्या भावांनी त्याला खड्ड्यात टाकले आणि २० रुपयांना व्यापाऱ्यांच्या हवाली केले. मिसरात तो पोटीफरचा गुलाम झाला. पोटीफरच्या पत्नीने खोटा आळ घेतला आणि तो तुरुंगात गेला. फारोच्या प्यालेबरदाराच्या स्वप्नाचा अर्थ त्याने सांगितला, पण सुटल्यावर तो माणूस त्याला दोन वर्षे विसरला. वयाच्या ३० व्या वर्षी योसेफ फारोपुढे उभा राहिला आणि त्या देशाचा कारभारी झाला. सुकाळाच्या सात वर्षांत त्याने धान्य साठवले आणि दुष्काळाच्या सात वर्षांत लोकांना जगवले. धान्यासाठी आलेल्या भावांना त्याने रडत मिठी मारली. वडील वारल्यावर भाऊ पुन्हा घाबरले, तेव्हाही त्याने सूड घेतला नाही. त्यांच्या वाईटातून देवाने चांगले घडवले, हे तो जाणून होता.

येथे एक गोष्ट आपण ध्यानात घेऊ या. अब्राहाम, इसहाक आणि याकोब यांना देवाने दर्शन देऊन वचन दिले. योसेफाला असे दर्शन झाल्याचे उत्पत्तीच्या पुस्तकात कोठेही लिहिलेले नाही. त्याने ते वचन ऐकले ते आजारी, थकलेल्या बापाच्या तोंडून. तेवढ्यावर त्याने विश्वास ठेवला.

योसेफ ११० वर्षे जगला. मिसरात त्याला मान होता, सत्ता होती. तरी मरताना त्याने इस्राएलच्या पुत्रांना शपथ घातली, की देव तुम्हांला या देशातून नक्की बाहेर नेईल, तेव्हा माझ्या अस्थी येथून घेऊन जा. त्याचे शव सुगंधी द्रव्ये भरून पेटीत ठेवण्यात आले आणि उत्पत्तीचे पुस्तक तेथेच संपते. वचन अपुरेच होते.

मग योसेफाची ओळख नसलेला राजा गादीवर आला. गुलामी आली, तान्ही बाळे नदीत टाकली गेली. इस्राएल लोक मिसरात ४३० वर्षे राहिले, असे निर्गमचे पुस्तक सांगते. इतक्या पिढ्या गेल्या, तरी ती शपथ कोणी विसरले नाही. सुटकेच्या वेळी लोकांनी मिसऱ्यांकडून सोने-चांदी घेतली, मोशेने योसेफाच्या अस्थी घेतल्या. ४० वर्षे रानातून त्या लोकांबरोबर चालल्या. त्याच प्रवासात कराराचा कोशही होता. हिब्रू भाषेत शवपेटीला आणि कोशाला एकच शब्द आहे. एका पेटीत देवाच्या आज्ञा होत्या, तर दुसरीत देवावर विसंबून मेलेल्या माणसाच्या अस्थी.

अखेर यहोशवाच्या काळात त्या अस्थी शखेम येथे, याकोबाने विकत घेतलेल्या त्याच जमिनीत पुरण्यात आल्या. १७ वर्षांचा मुलगा ज्या शखेमला निघाला होता, तेथेच देवाने त्याला परत आणले. पुढे याच परिसरात, याकोबाच्या विहिरीवर, प्रभू येशू शोमरोनी स्त्रीशी बोलला.

आपल्यापैकी कितीतरी आईवडील आज काळजीत आहेत. मुलांसाठी केलेल्या प्रार्थनेचे फळ डोळ्यांनी दिसेल की नाही, हे त्यांना कळत नाही. योसेफालाही ते दिसले नाही. त्याने वचन पुढच्यांच्या स्वाधीन केले आणि शांतपणे डोळे मिटले. आपल्यालाही विश्वास मिळाला तो आजी-आजोबांच्या तोंडून, संध्याकाळच्या रोजरीतून. तो आपल्या मुलांच्या कानी पडतो आहे ना, हे पाहणे आपल्या हाती आहे. बाकीचे देवाच्या हाती सुरक्षित आहे.

या आठवड्यात एका संध्याकाळी उत्पत्तीचा शेवटचा अध्याय सर्व कुटुंबाने एकत्र बसून वाचावा.