बॅटरीतलं शिसं कामगारांच्या अंगात कसं जातं, हे कारखान्यात जाऊन शोधणाऱ्या डॉक्टरबाई

मढच्या मच्छीमार बोटीत, रिक्षात, घरातल्या इन्व्हर्टरखाली एक जड डबा हमखास सापडतो. लेड-ॲसिड बॅटरी. आत शिशाच्या प्लेटा आणि पाणी मिसळलेलं गंधकाचं आम्ल. डबा बंद आहे तोवर शिसं आतच राहतं. खरा धोका असतो तो बॅटरी बनवताना आणि भंगारात फोडून शिसं वितळवताना. तेव्हा उडणारी धूळ आणि धूर श्वासातून आत जातो. मग शिसं रक्तातून हाडांत जाऊन साठतं.

आज हे शाळेच्या पुस्तकातलं वाटतं. पण शंभर वर्षांपूर्वी कारखानदार हे मानायलाच तयार नव्हते. त्यांना ते मान्य करायला लावलं डॉ. ॲलिस हॅमिल्टन यांनी.

चाळीतल्या शेजाऱ्यांसारखं राहणं

ॲलिस यांचा जन्म २७ फेब्रुवारी १८६९ चा, न्यूयॉर्कमधला. १८९३ मध्ये त्या मिशिगन विद्यापीठातून डॉक्टर झाल्या. १८९७ मध्ये शिकागोला आल्या आणि जेन ॲडम्स यांच्या हल हाऊस या संस्थेत राहू लागल्या. आजूबाजूला सगळी स्थलांतरित कामगारांची वस्ती. कुणाचं पोट असह्य दुखायचं, कुणाचं मनगट लुळं पडायचं. ही शिशाच्या विषबाधेची लक्षणं होती.

पाहणीत दाखवली एक जागा, काम होतं दुसरीकडे

१९१० मध्ये इलिनॉय राज्याने कामामुळे होणाऱ्या आजारांची पाहणी केली आणि त्याची जबाबदारी ॲलिस यांच्यावर टाकली. बाथटबवर मुलामा चढवणाऱ्या एका कामगाराला शिसं बाधलं होतं. त्या कारखान्यात गेल्या, तर धुळीचा पत्ता नाही. नंतर त्याच्या घरी चौकशी केल्यावर उलगडा झाला. त्यांना फक्त शेवटचा हात फिरवण्याचं काम दाखवलं होतं. लालभडक तापलेल्या टबवर शिशाची पूड टाकण्याचं काम दुसऱ्याच जागी चालायचं.

मग त्यांची पद्धतच ठरून गेली. कारखाना तर बघायचाच, पण दवाखान्यातली रजिस्टरंही चाळायची आणि कामगारांच्या घरीही जायचं.

मालकांचं ठरलेलं उत्तर असायचं, कामगार हात न धुता जेवतात म्हणून आजारी पडतात. ॲलिस यांनी दाखवलं, दोष हातापेक्षा हवेचा आहे. नॅशनल लेड कंपनीच्या एडवर्ड कॉर्निश यांनी पुरावा मागितला, तेव्हा त्यांनी गंभीर विषबाधेच्या २२ केसेस समोर ठेवल्या. कॉर्निश यांनी कारखान्यांत धूळ-धूर रोखायची सोय केली आणि कामगार तपासायला डॉक्टर नेमले.

पुढे त्यांनी केंद्र सरकारसाठी बॅटरी कारखान्यांचीही पाहणी केली. तिथे शिशाच्या ऑक्साइडचा लगदा प्लेटांच्या जाळीत भरायचे. पूड कोरडी हाताळली की खोलीभर धूळ.

हार्वर्ड आणि एक हरलेली लढाई

१९१९ मध्ये हार्वर्डने त्यांना सहायक प्राध्यापक म्हणून घेतलं. हार्वर्डच्या अध्यापकवर्गातल्या त्या पहिल्या महिला. पण पदवीदान सोहळ्यात व्यासपीठावर बसायची परवानगी नव्हती.

१९२५ मध्ये पेट्रोलमध्ये शिसं मिसळायला त्यांनी जाहीर विरोध केला. कुणी ऐकलं नाही. भारतात शिसंयुक्त पेट्रोल २००० मध्ये थांबलं, तर शेवटच्या देशात, अल्जीरियात, थेट २०२१ मध्ये.

२२ सप्टेंबर १९७० रोजी, वयाच्या १०१ व्या वर्षी ॲलिस गेल्या. त्यानंतर तीनच महिन्यांत अमेरिकेत कामगार सुरक्षेचा मोठा कायदा झाला.

आज याचं काय?

युनिसेफ आणि प्युअर अर्थ यांच्या २०२० च्या अहवालानुसार जगातल्या सुमारे ८० कोटी मुलांच्या रक्तात शिशाचं प्रमाण चिंताजनक आहे. त्यातली साडेसत्तावीस कोटी भारतातली. उघड्यावर बॅटरी फोडून शिसं गाळणं हे त्याचं एक मोठं कारण. शिसं मुलांच्या मेंदूच्या वाढीवर घाला घालतं आणि झालेलं नुकसान भरून निघत नाही.

म्हणून जुनी बॅटरी भंगारवाल्याला न देता नवी घेताना दुकानदाराकडेच परत करा, तो किमतीत सूटही देतो. आणि घरातलं कुणी बॅटरीच्या कामावर असेल, तर कामाचे कपडे तिथेच बदलून, आंघोळ करून मगच घरी यावं. नाहीतर कपड्यांवरची धूळ मुलांपर्यंत पोहोचते. पण कामाच्या जागेची हवा स्वच्छ ठेवणं ही जबाबदारी मालकाचीच. ॲलिस यांचं आयुष्य गेलं ते हेच पटवून देण्यात.