कुठले चव्हाण?

आमच्या शेंद्र्यात आडनाव चव्हाण सांगितले की पुढचा प्रश्न ठरलेला : कुठले चव्हाण? मराठ्यांत चव्हाण आहेत, तांड्यांवरच्या बंजारा समाजातही आहेत. महाराष्ट्राला या आडनावाचे चार मुख्यमंत्री लाभले. त्यांतले शंकरराव तर आपल्या पैठणात जन्मलेले. शाळेत मला मात्र 'मोरूची मावशी' करणाऱ्या विजय चव्हाणांवरून 'मावशी' म्हणूनच हाक मारीत.

या चौघांत पहिले यशवंतराव. त्यांची मला सर्वांत आवडणारी हकिकत नावाचीच आहे. कराडच्या टिळक हायस्कुलात शिक्षकांनी मुलांना विचारले, पुढे कोण होणार ते लिहा. इतरांनी थोरामोठ्यांची नावे लिहिली. या मुलाने लिहिले की आपण यशवंतराव चव्हाण होणार. त्या नावाला तेव्हा काय किंमत होती? १२ मार्च १९१३ रोजी देवराष्ट्रे येथे आजोळी जन्म, वडील लहानपणीच प्लेगने गेलेले, आई विठाई निरक्षर. १९३२ साली, मॅट्रिक व्हायच्या आधीच, झेंडा फडकावल्याबद्दल अठरा महिन्यांची शिक्षा झाली. पुढे कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजातून ते बी. ए. झाले, पुण्यात कायदा शिकले. जून १९४२ मध्ये लग्न झाले आणि दोन-तीन महिन्यांतच ते भूमिगत झाले. वेणूताईंनाही तुरुंग पाहावा लागला.

१९५६ साली ते द्वैभाषिकाचे मुख्यमंत्री झाले आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्राचे. आपले विद्यापीठ १९५८ चे, त्यांच्याच कारकीर्दीतले. पण आमच्या घराला त्यांची ओळख आहे ती ई. बी. सी. सवलतीमुळे. वर्षाचे उत्पन्न बाराशे रुपयांच्या आत असलेल्यांच्या मुलांची फी, जात न पाहता, माफ झाली. माझे आजोबा कोरडवाहू शेतकऱ्याचे पोर. उत्पन्नाचा दाखला जोडून ते शहरातल्या कॉलेजात दाखल झाले. घरात कॉलेजची पायरी चढणारे ते पहिलेच. आज आमच्या बरोबरीची कितीतरी मुले बारावी होताच शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहतीत कामाला लागतात. फीचा आकडा हे त्याचे एक कारण असतेच.

चीनच्या आक्रमणानंतर, १९६२ मध्ये, ते संरक्षणमंत्री होऊन दिल्लीला गेले. पुढे गृह, अर्थ, परराष्ट्र अशी खाती सांभाळली आणि १९७९ साली काही महिने उपपंतप्रधानही झाले. त्यानंतरची वर्षे वाचताना मात्र मन खट्टू होते. काँग्रेस फुटली तेव्हा ते इंदिराजींच्या विरुद्ध गटात राहिले, नंतर परतले, पण पूर्वीचा मान मिळाला नाही. एवढा धोरणी माणूस इथे चुकला, असे मला वाटते. १९८३ मध्ये वेणूताई गेल्या. २५ नोव्हेंबर १९८४ रोजी दिल्लीत त्यांचेही निधन झाले.

त्याच वर्षी निघालेले त्यांचे आत्मचरित्र 'कृष्णाकाठ' १९४६ पाशी थांबते. पुढचे खंड लिहायचे राहूनच गेले. त्यामुळे फीमाफीची कथा त्यात सापडत नाही. ती मी आजोबांकडून ऐकतो.